उदाराम गार्ड आणि इतर आठ, व्हाया प्रयाग

आमच्या वडिलांना मेरुप्रकाश पाहायचा होता. हे वाक्य मी आजवर एक टीसी, एक पंडा आणि एक पोलीस अशा तिघांसमोर उच्चारलं आहे आणि तिघांनीही ते ऐकून आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर गांभीर्य टिकत नाही, हा माझा जन्मदोष. खरं बोललो तरी मी थट्टा करतो आहे असं लोकांना वाटतं. त्यामुळे पुढची हकिकत जशी घडली तशी सांगतो; कोणाला हसू आलं तर तो माझा चेहरा समजावा.

वडील, म्हणजे उदाराम गार्ड. गोंदियात मोठी लाइन आणि छोटी लाइन अशा दोन जाती आहेत आणि आम्ही दुसरीतले. गोंदिया ते जबलपूर या छोट्या गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून बाबांनी उभ्या आयुष्यात लोकांना हिरवी बत्ती दाखवली. रिटायर झाल्यावर त्यांना काही हवं आहे असं कधी दिसलं नाही. चहासुद्धा समोर आला तर पीत.

सत्तावन सालच्या दिवाळीनंतर वाचनालयात केशोराव मास्तरांचं मेरुप्रकाशावर व्याख्यान झालं. मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवतात. त्या वर्षी सूर्याचं काहीतरी बिनसलं होतं आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावर पाळत ठेवून होते. मास्तरांनी रंगीत खडूंनी फळ्यावर उत्तरेचं आकाश काढलं. त्यात हिरवा पडदा लोंबत होता आणि त्याला खालून तांबडी किनार होती. व्याख्यान संपल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही, कारण त्यानंतर चहा असतो. पण बाबा उभे राहिले.

"मास्तर, हा हिरवा कोन दाखवते?"

कोणी दाखवत नाही, सूर्यापासून कण निघतात आणि वरच्या हवेवर आदळतात, असं मास्तरांनी समजावलं.

"मंग गाडी कोनती सुटते?"

लोक हसले. मास्तरही हसले. बाबा हसले नाहीत. दाखवणारा नाही, सुटणारी गाडी नाही, आणि एवढी मोठी हिरवी बत्ती उगीच हलते आहे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली ती निघेना. मास्तरांनी शेवटी सभेला बरं वाटावं म्हणून जोडून दिलं की यंदा हा प्रकाश नेहमीपेक्षा पुष्कळ दक्षिणेला दिसला आहे, कोण जाणे, आपल्या हिमालयातूनही दिसेल. हे 'कोण जाणे' बाबांनी टाइमटेबलासारखं धरलं.

घरी येऊन त्यांनी भिंतीवरचा रेल्वेचा नकाशा काढला, अंगणात खाटेवर पसरला आणि उत्तरेकडे बोट नेत नेत एका छोट्या लाइनीच्या टोकाशी थांबवलं. जोगिंदरनगर. पुढे रूळ नव्हते, नुसतं पांढरं होतं. "इथवर पास चालते," ते म्हणाले. "याच्या समोर पायानं." रिटायर माणसाला वर्षाकाठी रेल्वेचा फुकट पास मिळतो. बाबांनी तो कधी घेतलाच नव्हता. गाडीत बसून नुसतं जायचं, काम काही करायचं नाही, हे त्यांना आजारपणासारखं वाटे.

आजारपणही होतंच. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन विश्वासात सांगितलं की आंब्याच्या दिवसांपर्यंत धरून चालू नका. डॉक्टर थोडे बहिरे असल्यामुळे त्यांचा विश्वास चारी घरांत ऐकू जातो. बाबांनी आतून ऐकलं आणि मायला सांगितलं, "रुख्मा, औंदा लोनचं कमी घाल."

तेव्हा गोष्ट अशी होती: बाबांना एकदा ती बत्ती पाहायची होती आणि दिवस थोडे होते. एवढं साधं होतं. ते साधं राहिलं नाही, याला शेजार कारण.

पहिला सल्ला चुन्नीलालचा आला. चुन्नीलाल कापडाचा व्यापारी, आमच्या समोरचा. "गार्डबाबू, रोशनी देखने इतनी दूर? जाना ही है तो वैष्णोदेवी कर लो, रोशनी रास्ते में दिख जाएगी." फौजेतून परतलेल्या जागेश्वरनं सांगितलं की तिकडे चहा गोठतो, तो चावून प्यावा लागतो, तेव्हा दात पक्के करून जा. बाबांना दात चारच होते. कोणी हिंगाची पुरचुंडी गळ्यात बांधायला सांगितली, कोणी कांदा खिशात ठेवायला. एकानं विचारलं की उजेडच पाहायचा तर तो इथे येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे. सरकार सगळंच आणणार आहे, वीजही आणलीच की.

माझी अडचण रजेची होती. मी राइस मिलमध्ये हिशेबाला आहे. शेठजींनी कारण विचारलं. मी सांगितलं. शेठजी विचारात पडले. त्यांच्याकडे रजेची कारणं ठरलेली आहेत.

"शादी है?"

नाही म्हटलं.

"कचहरी?"

तेही नाही.

"कोई मरा है?"

"अजून नाही."

"तो मरने पर आना," शेठजी म्हणाले आणि यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. नियम सांगितला. मीही मान हलवली. पुढे मी नियमाप्रमाणे आलो तेव्हा त्यांनी एका शब्दानं खळखळ केली नाही, हेही इथेच नमूद करतो.

मग धुरपताबाई आली. ही आमची भिंतीला भिंत शेजारीण. तिचा नवरा दुलीचंद दसऱ्याच्या सुमारास वारला होता आणि त्याच्या अस्थींचं गाडगं घाटावरच्या झाडाला टांगलेलं होतं, कारण न्यायला कोणी नव्हतं. ती दारात उभी राहून बाबांना म्हणाली, "भाऊजी, तुमी उत्तरेले जाऊन राहिले म्हंते. प्रयाग वाटेतच हाये."

आमच्याकडे रीत आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या माणसाला अस्थी न्यायला नाही म्हणता येत नाही. माणूस लग्नाला चालला असो की मेरुप्रकाशाला. दिशा एक, तर वाट एक. शिवाय नेण्याचे नियम आहेत. गाडगं घरात आणायचं नाही. जमिनीला टेकवायचं नाही. आणि वाटेत पूल लागला, नदी लागली, गाडी बदलली की आतल्या माणसाला तसं सांगायचं, नाही तर तो चुकतो आणि मागेच राहतो.

बाबा म्हणाले, आणून दे. दुलीचंद आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला आला.

गोरेगावच्या आठवडी बाजारात ही बातमी वांग्यांबरोबर विकली गेली असावी, कारण पुढच्या आठवड्यात बैलगाडीतून दोन गाडगी आली. मग तिरोड्याकडून एक. अर्जुनी मोरगावचा बिसराम आपल्या सासूला घेऊन आला आणि जेवून गेला, सासू राहिली. करता करता कडुनिंबाला आठ गाडगी लोंबू लागली. ऐन थंडीत झाड फळाला आल्यासारखं दिसे. गवळ्यानं अंगणात यायचं सोडलं. पोस्टमन रस्त्यावरूनच पत्रं फेकी आणि ती नेमकी सासूखाली पडत.

चुन्नीलालला हे पाहवेना. कोणाच्या गाडग्याला जुन्या लुगड्याची चिंधी, कोणाला पोत्याचा तुकडा. पुण्याचं काम म्हणून त्यानं एकाच ताग्यातून सारखे लाल तुकडे फाडून दिले. "सब एक जैसा दिखना चाहिए. ऊपर जाकर छोटा-बड़ा क्या." गाडगी आमच्या एकाच कुंभाराची. आता कापडही एक झालं. चुन्नीलालच्या या समतेबद्दल पुढे मला बराच विचार करावा लागला.

बाबा मात्र खुलले. इतकी वर्षं ते रिकाम्या हातांनी खाटेवर बसून होते. आता त्यांच्याकडे पॅसेंजर होते. त्यांनी गार्डाची आपली काळी लोखंडी पेटी धुऊन काढली, तिच्यात धानाचं तणस भरलं आणि गाडगी त्यात कशी बसतील ते मापून पाहिलं. प्रत्येक गाडग्याला पुठ्ठ्याचं लेबल केलं. 'दुलीचंद. गोंदिया ते प्रयाग. व्हाया नैनपूर, जबलपूर.' रात्री थंडी पडली की ते खिडकीतून झाडाकडे बघून म्हणत, "मंडळी, जरा दम धरा. पास येऊन राहिला."

पासाला वेळ लागला. कचेरीतल्या बाबूला 'प्रवासाचं कारण' या रकान्यात काय भरावं ते सुचेना. शेवटी त्यानं 'हवापालट' असं भरलं. पासावर बाबांचं नाव आणि सोबत एक माणूस. पास ज्या दिवशी आला त्याच दुपारी बाबा अंगणात उन्हात खाटेवर बसून शेवटचं लेबल बांधत होते, बिसरामच्या सासूचं. गाठ अर्धी राहिली.

मी मिलमधून आलो तेव्हा माय त्यांच्या हातातून दोरा सोडवत होती. सोडवला आणि उरलेली गाठ तिनंच मारली.

अशा वेळी लोक काय बोलतात हे ठरलेलं असतं. आमच्याकडे मात्र वेगळीच पंचाईत झाली. येणारा प्रत्येक जण मला बाजूला घेऊन हळूच विचारी, "तुमचं जाणं तं ठरलंच हाये ना?" काही जण तर मोकळेपणानं म्हणाले की एका परीनं बरं झालं, पास आहे, पेटी आहे, तणस भरलेलं आहे, नाही तर अशा वेळी किती धावपळ होते. बाबांनी आपल्या मरणाची अशी जय्यत तयारी करून ठेवल्याबद्दल चारचौघांत त्यांची तारीफ झाली.

केशोराव मास्तर आले ते खाली मान घालून बसले. मग मला आणि मायला म्हणाले, "मी ते उगीच बोललो होतो. हिमालयातून तो दिसत नाही. सभेचा शेवट चांगला व्हावा म्हणून आपलं म्हटलं. गार्डसाहेब एवढं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं."

मायनं त्यांना चहा दिला. त्यांच्या चहात साखर घालायची ती विसरली. तिसऱ्या दिवशी मी घाटावरून बाबांना आणलं, लाल कापड बांधलं आणि लेबल लिहायला बसलो. 'उदाराम गार्ड. गोंदिया ते' इथवर लिहून प्रयाग लिहिणार तोच माय मागून म्हणाली, "प्रयाग नोको लिहू. प्रयागले सगळेच जातेत. यायले समोर ने."

"मास्तर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"आयकलं. समोर ने."

मायनं आयुष्यात बाबांच्या कोणत्याच बेताला हो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मेरुप्रकाशाला तर तिनं सरळ 'बुडग्याले भर आला', म्हणजे म्हाताऱ्याच्या अंगात आलं, असं नाव ठेवलं होतं. मी लेबलवर जोगिंदरनगर लिहिलं.

तेरावं उरकून निघालो. पेटी जमिनीला टेकवायची नाही, म्हणून मांडीवर. गार्डाची लोखंडी पेटी, आत नऊ माणसं, वर घडी करून बाबांचा जाड काळा गार्डाचा कोट. जबलपूरपर्यंत छोटी गाडी, डबा ओळखीचा; पूल आला की मी पेटीवर टकटक करून सांगे, "बाबा, वैनगंगा. मंडळी, वैनगंगा." ओळखीचे लोक मान हलवत. जबलपूरला मोठ्या गाडीत बसलो आणि तिथे मी "मंडळी, गाडी बदलली, चढून घ्या" म्हणताच समोरचं एक अख्खं कुटुंब उठून दुसरीकडे गेलं. हा अस्थींचा फायदा कोणी सांगत नाही. बाक भरपूर मिळतो.

पुढे टीसी आला. चष्म्यावरून पास वाचला.

"पास उदाराम का है. उदाराम कौन?"

मी पेटीवर हात ठेवला.

डब्यात कोणीतरी शेंगा सोलत होतं, ते थांबलं. टीसीनं पास उलटा करून मागचा नियम मला वाचून दाखवला. नियमाचा अर्थ असा, की पासधारक स्वतः प्रवास करीत असला पाहिजे. नुसत्या सोबत्याला पास चालत नाही.

"करीत आहेत," मी म्हणालो.

मी हे थट्टेनं म्हटलं नव्हतं. दुसरं काय म्हणणार? पण डब्यात दोन तट पडले. एका वकिलासारख्या दिसणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं पडलं की नियमात 'प्रवास' म्हटलं आहे, 'जिवंत' कुठे म्हटलेलं नाही. दुसरे म्हणाले, तसं असेल तर उद्या लोक बापाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या फिरतील. एका म्हातारीनं, मी मांडीवरून पेटी उतरवली नाही हे पाहून, माझ्या तोंडात एक पेरूची फोड घातली. आमच्या वडिलांना मेरुप्रकाश पाहायचा होता, हे मी टीसीला सांगितलं; त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. त्यानं पेटीवरचं नाव वाचलं, कोटाची बटणं पाहिली.

"गार्ड थे?"

"छोटी लाइन."

टीसीनं टोपी काढली, पासावर सही केली आणि टोपी पुन्हा घातली. "पासवाले ठीक हैं. ख़ुद सफ़र कर रहे हैं." मग त्यानं पेटी उघडायला सांगितली आणि आत पाहून विचारलं, "और ये बाक़ी आठ कौन?"

बाकीचे आठ विनातिकीट होते. त्यांना रेल्वेत कधीच कोणी नव्हतं. ते प्रवासी धरावेत तर तिकीट पूर्ण की अर्धं हा प्रश्न. सामान धरावं तर वजन करून, बुक करून, लेबल लावून. आम्ही सामान धरायचं ठरवलं. दुलीचंद हयातीत फार मानी माणूस होता. धुरपताबाईला हे कसं सांगायचं याची मी तिथेच काळजी करू लागलो, आणि खऱ्या काळजीची गोष्ट मागून येत होती.

पुढच्या एका जंक्शनला उतरलो. लगेज ऑफिसातला क्लार्क अत्यंत व्यवस्थित माणूस होता. मी त्याला बजावलं की जमिनीवर ठेवायचं नाही, त्यानं टेबल पुसून घेतलं. पासवाल्यांचं वजन करायचं नाही हेही सांगितलं, त्यानं मान हलवली. मग मला पलीकडच्या खिडकीवर सही आणायला पाठवलं. परत आलो तर नऊ गाडगी टेबलावर एका रांगेत, नऊंच्या गळ्यात नवी कोरी छापील लेबलं, आणि बाबांनी केलेली पुठ्ठ्याची लेबलं खाली टोपलीत.

पेटीचं रिकामं वजन वजा करायला सगळ्यांना बाहेर काढावं लागलं, तो म्हणाला. आणि जुनं लेबल ठेवून नवं लावता येत नाही. "पुराना लेबल रह जाए तो माल ग़लत जगह जाता है, बाबू. रेलवे का पहला क़ायदा है."

मला हे तो सांगत होता. याच कायद्यासाठी बाबांनी नैनपूरच्या प्लॅटफॉर्मवर हमालांना दिलेल्या शिव्या मी लहानपणी ऐकल्या होत्या. त्या क्लार्कच्या जागी बाबा असते तर त्यांनी स्वतःचं लेबल सर्वांत आधी काढलं असतं.

मी विचारलं, यात पासवाले कोणते? क्लार्कनं रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला आणि त्यानं मला बसायला स्टूल दिलं.

सारखी गाडगी, सारखं कापड, सारख्या गाठी. मी एकेक उचलून पाहिलं. दुलीचंद जाडजूड होता, बाबा काटकुळे. पण राखेत हा फरक राहत नाही असं दिसतं. एक जरा हलकं वाटलं, ती सासू असावी असं म्हणून बाजूला ठेवलं, तर पुढचं त्याहून हलकं लागलं. शेवटी ऑफिसात क्लार्कखेरीज कोणी नाही असं पाहून मी हलक्या आवाजात "बाबा" म्हणून हाक मारली. क्लार्क बाहेर जाऊन उभा राहिला.

प्रयागला पंड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. नऊंना एकत्र सोडा, गंगा ओळखते. म्हणजे आठ जण जिथे जायचे तिथे गेले, आणि एकाचं चुकलं तरी काही वाईट ठिकाणी नाही. हिशेब बरोबर होता. वर्षभरापूर्वीच निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि बहुमत म्हणजे काय हे मला समजत होतं. मी पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. नावाडी ओरडत होते, न्हावी वस्तरे पाजळत होते. मी दुपारभर बसलो. एकाला पुढे न्यायचं आणि तो कोणता हे माहीत नाही; तर सगळ्यांनाच पुढे न्यायचं आणि येताना सगळ्यांनाच इथे आणायचं, याखेरीज मला काही सुचलं नाही. पंडा म्हणाला की गंगेपर्यंत आणून परत घेऊन जाणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी त्याला कारण सांगितलं: आमच्या वडिलांना मेरुप्रकाश पाहायचा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

अशा रीतीनं दुलीचंद, बिसरामची सासू, गोरेगावचे दोघे, तिरोड्याचे एक आणि उरलेली मंडळी यांचा उत्तरेचा प्रवास सुरू झाला. यांतल्या बहुतेकांनी हयातीत भंडाऱ्याच्या पलीकडे पाय टाकला नव्हता. आता ते दिल्लीवरून गेले. मी त्यांना दिल्ली आली म्हणून सांगितलं. कोणाचं कोणतं हे माहीत नसल्यामुळे कोणा एकाशी बोलायची सोय उरली नव्हती; "मंडळी, यमुना," "मंडळी, सतलज," असं सरसकट चालू होतं. पठाणकोटला छोटी गाडी लागली. ती डोंगरातून अशी डुलत चालली की पेटीतली गाडगी आतल्या आत एकमेकांना हळूहळू लागू लागली, आणि त्या आवाजावर मला गोंदिया सोडल्यापासून पहिल्यांदा झोप लागली.

जोगिंदरनगरच्या पुढे मोटार, मग दुसरी मोटार, मग रस्ता संपला. तिथे एक चहाचं दुकान आणि एक पोलीस होता. यापुढे जायला परवाना लागतो, तो म्हणाला. कशासाठी जायचं आहे? मी सांगितलं. त्यानं पेटी उघडली, आत पाहिलं आणि अत्यंत हळुवारपणे पुन्हा बंद केली. पुढे जाऊ दिलं नाही. पण दुकानदाराला सांगून माझी मागच्या खोलीत सोय केली आणि रोज संध्याकाळी येऊन आम्हा दहांची विचारपूस करू लागला.

बर्फ मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यावेळी एकच प्रश्न पडला: बर्फ ही जमीन धरायची की पाणी? जमीन धरली तर गाडगी टेकवता येत नाहीत. पाणी धरलं तर टेकवली की विसर्जन झालं. विचारायला जवळपास भटजी नव्हता. दुकानदाराच्या सरपणाच्या रचलेल्या ढिगावर मी नऊ जणांना उत्तरेकडे तोंड करून बसवलं. गाडग्यांना तोंड एकच असतं आणि ते वरच्या बाजूला असतं, हे मला ठाऊक आहे. तरी बसवलं. थंडीनं माती तडकेल म्हणून बाबांचा कोट सगळ्यांच्या अंगावर पसरला. मी घोंगडी पांघरून बाजूला उभा.

ढग होते. दुसऱ्या दिवशीही ढग. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि मला कोट झटकत बसावं लागलं. दुकानदार म्हणे, इथे हिवाळ्यात कंदिलाला तेल मिळत नाही, आकाशात कोण लावणार? माझी रजा संपत आली. शेवटच्या संध्याकाळी आकाश एकदम उघडलं. डोंगर काळे झाले आणि तारे इतके खाली आले की भीती वाटावी. मी उत्तरेकडे पाहत उभा राहिलो. मास्तरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मला काही अपेक्षा नव्हती. तरी माणूस एवढ्या लांब आला की पाहतोच. पायांना बधिरी आली, मग हातांना. काळं होतं ते काळंच राहिलं.

माझ्या लक्षात आलं की सरपणावरची मंडळी कधीची वाट पाहत आहेत आणि सांगायचं काम माझ्याकडे आहे. खोटं बोलणं मला फार सोपं जातं. तिथे कोणी ऐकणारंही नव्हतं. मी म्हणालो, "मंडळी, काही नाही दिसत." मग थोडा वेळ माझं नाक वाहत होतं, थंडीमुळे.

परतीला प्रयागला तोच पंडा गाठला. यावेळी त्यानं काही विचारलं नाही. नऊ जण एकाच नावेतून गेले.

गोंदियाला पोचलो तेव्हा अंगणात सगळी जमली होती. मला बराच उशीर झाला होता आणि आठ घरच्या माणसांना आपलं माणूस पोचलं की नाही हे ऐकायचं होतं. पोचलं, एवढंच सांगून सुटता आलं असतं. पण माय समोर बसली होती. तिनं विचारलं, "यायले समोर नेलं ना?" आणि मी बसल्या जागी सगळं सांगून टाकलं. लेबलं, टोपली, पायरी, दिल्ली, बर्फ, सरपण, कोट. सांगताना माझा चेहरा हसरा दिसू नये म्हणून मी खाली बघून सांगितलं.

बिसराम आ वासून बसला होता. त्याच्या सासूला त्यानं कधी नागपूरसुद्धा दाखवलं नव्हतं. मला वाटलं आता धुरपताबाई उठून माझ्या तोंडात मारणार. तिचा अधिकारही होता. ती पुढे सरकली.

"दिसला काय मंग तो उजेड?"

"नाही."

"आमच्या यायलेही नाही?"

"कोणालाच नाही, मावशी. ढग होते. शेवटच्या दिवशी उघडलं, पण काही नव्हतं."

"अन् तू आला निघून."

"रजा संपली होती."

धुरपताबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आयका. एवढ्या लांब नेलन, बर्फात बसवलन, अन् पाहाच्या पयले उठवून आणलन. आनखी चार रोज थांबाले काय झालं होतं? मेलेल्या मानसायले कोनती घाई होती?"

आणि मग सगळेच माझ्यावर तुटून पडले. बिसराम म्हणाला की सासूच्या जन्मात एक संधी आली होती, तीही मी घालवली. चुन्नीलालनं विचारलं की शेठजींना तार करता येत नव्हती का. गोरेगावचे म्हणाले, दुसऱ्याचं माणूस आहे म्हणून अशी कुचराई. दोन महिन्यांपूर्वी याच अंगणात याच लोकांनी बाबांना वेडं ठरवलं होतं. केशोराव मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मायनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसं त्यांनी ते मिटलं.

माणसं गेल्यावर माय उठली. रिकामी पेटी तिनं ओढून छपरीत नेली, जुनं तणस काढून गायीपुढे टाकलं, आणि परड्यातून नवं तणस आणून पेटीत नीट दाबून भरू लागली. मी विचारलं, हे कायले?

"औंदाच्या थंडीत मी गेली तं मले पयले तिथंच नेजो," माय म्हणाली. "अन् या डाव सुट्टी जास्त काढजो."

शेठजींना विचारून पाहतो, म्हटलं.